वाफेचं पाणी

“कंपोंडर, पाणी. थांबाले टाइम नाही.”

औषधाच्या खिडकीवर निळी बाटली आपटायची आणि हे शब्द कानावर यायचे. माणूस मात्र त्या खिडकीसमोर कधी धड उभा राहिलेला मला आठवत नाही. एक पाय पायरीवर, एक खाली, तोंड माझ्याकडे आणि कान रस्त्याकडे. रस्त्यावर निंबाच्या झाडाखाली त्याची मोटार उभी असायची. इंजिन चालू. पत्रा न् पत्रा थडथडतोय, आणि आत बसलेली माणसं, त्यांची गाठोडी, एखादीच्या मांडीवरची कोंबडी, सगळंच थडथडतंय.

दुसऱ्या महायुद्धाच्या, लढाईच्या दिवसांतली ही गोष्ट. मी तेव्हा वाशीमच्या दवाखान्यात कंपाउंडर होतो. तो वाशीम ते रिसोड मोटार चालवायचा. शिरपूरच्या जैन मंदिराला जाणारी यात्रेकरू मंडळी रेल्वेने उतरली, तर त्यांनाही तिकडे नेऊन सोडायचा. मोटार त्याची स्वतःची होती, म्हणून मालकही तोच आणि ड्रायव्हरही तोच. क्लीनर ठेवला की त्याच्या घाईला कंटाळून पळून जायचा, म्हणून शेवटी क्लीनरही तोच.

आता तुम्ही म्हणाल, धडधाकट माणूस दवाखान्यात पाणी कशाला मागतो? रांगेतले रोगीही हेच म्हणायचे. तर त्याचं असं होतं. इंजेक्शनसाठी लागणारं पाणी आम्ही दवाखान्यातच करायचो. भांड्यात पाणी उकळायचं, त्याची वाफ काचेच्या नळीतून न्यायची, थंड करायची, आणि पलीकडे थेंब थेंब पडेल ते बाटलीत धरायचं. मोटारीच्या बॅटरीला हेच पाणी लागतं, दुसरं चालत नाही. अकोल्यात कुणीतरी त्याला हे सांगितलं आणि तो थेट माझ्या खिडकीवर आला. डॉक्टरसाहेबांनी मान डोलावली. कारण उघड होतं, साहेबांच्या सासुरवाडीची माणसं त्याच्याच मोटारीने यायची.

पहिल्या दिवशी मी जरा शिष्टपणाच केला. म्हटलं, “हे साधं पाणी नाही. याच्याइतकं स्वच्छ पाणी दुनियेत नाही. यात काही म्हणजे काही मिसळलेलं नसतं.”

त्याने बोट बुडवून जिभेला लावलं. “मंग याले चव काहून नाही?”

“चव म्हणजेच काहीतरी मिसळलेलं.”

हे वाक्य त्याला फार आवडलं. रिसोडपर्यंतच्या प्रत्येक गावात त्याने ते ऐकवलं. पुढे मी त्या बाजूला गेलो की लोक मलाच ते ऐकवायचे, आणि माझं आहे असं सांगितलं तर विश्वास ठेवायचे नाहीत.

बाटली तो फडक्यात गुंडाळून काखेत धरून पळायचा. एकदा दवाखान्याच्या फाटकावर नव्या शिपायाला दारूचा संशय आला. त्याने अडवलं, बूच काढून हुंगलं, आणि खात्री पटेना म्हणून एक मोठा घोट घेतला.

“हे तं पाणी हाये.”

“मंग मी काय सांगून राह्यलो?”

“दवाखान्यातून पाणी कायले नेतं बे? गावच्या विहिरी आटल्या का?”

याचं उत्तर द्यायला त्याच्याकडे वेळ नव्हता. इंजिन चालू होतं. पण शिपायाने प्यालेला घोट भरून घ्यायला तो परत माझ्याकडे आला, आणि शिपायाच्या सात पिढ्यांचा उद्धार करत उभा राहिला. तोही एकाच पायावर.

त्याची ही घाई स्वभावातली होती की बॅटरीने शिकवलेली, हे मला अजून उमगलेलं नाही. बॅटरी म्हातारी झाली होती. भरलेली वीज तिच्यात टिकत नव्हती. एकदा इंजिन बंद केलं की ते पुन्हा सुरू होईल याचा भरवसा नसायचा. हँडल मारून हात दुखायचे, उतारूंनी उतरून धक्का द्यायचा, आणि मारुतीची मर्जी असली तर मोटार हुंकार द्यायची. म्हणून तो इंजिन बंद करायला भ्यायचा. पण पेट्रोल होतं कुपनावर. चालू इंजिन उभ्या उभ्या पेट्रोल पीत होतं. बंद करावं तर बॅटरी मारते, चालू ठेवावं तर पेट्रोल मारतं. अशा कात्रीत सापडलेला माणूस शांत कसा बसणार, तुम्हीच सांगा.

नवी बॅटरी मिळत नव्हती. अकोल्याचा दुकानदार एकच उत्तर द्यायचा, लढाई संपली की या. ही बॅटरी गेली की मोटार गेली, आणि मोटार गेली की हा माणूस कशासाठी उठेल सकाळी, हे मला तरी सांगता आलं नसतं. लढाई संपेपर्यंत तिला जगवायचं, एवढंच त्याने मनात घेतलं होतं. बाकी जगात काय चाललंय याच्याशी त्याला देणंघेणं नव्हतं. पेपर वाचणारा कुणी दिसला की तो विचारायचा, “संपते का कधी?” कोण जिंकतंय हे त्याने कधीच विचारलं नाही.

तो आला की आमच्या दवाखान्यालाही घाई सुटायची. बाहेर ते इंजिन धडधडायला लागलं की डॉक्टरसाहेब हातातली नाडी सोडून “पुढचा” म्हणायचे. माझ्या हातून मलमाच्या डब्या घसरायच्या. तो निघून गेल्यावर सगळे उगाच एकमेकांकडे बघत बसायचे. मला त्याचा राग यायचा. आणि ठरल्या वारी तो आला नाही तर मी खिडकीतून मान बाहेर काढून निंबाखाली बघायचो, हेही खरं.

मोटार थांबवायचीच वेळ आली तर तो उतार शोधायचा. उतारावर उभी केली की ब्रेक सोडताच ती घरंगळते आणि इंजिन पकडतं. त्यामुळे त्याची सगळी माणसं उतारावरची होती. चहा प्यायचा तो उतारावरच्या हॉटेलात, दाढी करायची ती उतारावरच्या न्हाव्याकडे. रिसोडला त्याच्या सख्ख्या साडूचं घर सपाटीवर होतं, तिथे तो बायको वारल्यापासून गेला नव्हता. साडूचा समज असा की मेहुणी गेली आणि नातं तुटलं. नातं तुटलं नव्हतं, रस्ता सपाट होता.

त्याचं स्वतःचं घर रिसोडच्या वाटेवर रिठदला होतं, तेही सपाटीवर. म्हणजे तो स्वतःच्याही दारात थांबत नव्हता. घरी होती त्याची थोरली बहीण. तो तिला बाई म्हणायचा, म्हणून गावही बाई म्हणायचं. लहानपणी आईबाप गेले तेव्हा हिनेच त्याला वाढवलं, आणि स्वतःचं कुंकू पुसल्यावर माहेरी परत येऊन याचंच घर सांभाळलं. गावाबाहेर नाल्याकडे उतार होता. मोटारीची वेळ झाली की बाई भाकरीचं फडकं घेऊन तिथे उभी राहायची. पटकीची टोचणी करायला मला अधूनमधून त्या बाजूला जावं लागे, तेव्हा हा देखावा मी त्याच्या शेजारच्या सीटवरून पाहिला आहे.

बाई काहीतरी बोलायची. इंजिनाच्या आवाजात ऐकू यायचं नाही.

“काय म्हनतं?” तो ओरडायचा.

“ते बंद कर, मंग बोल.” हे मात्र स्पष्ट ऐकू यायचं, कारण ती ते रोजच म्हणायची.

“बंद केली तं बोलाले मीच उरनार नाही.”

भाकर आत, रिकामं फडकं बाहेर, आणि मोटार सुटली. दोघांचं दिवसभरातलं बोलणं एवढंच. रात्री तो मोटार त्याच उतारावर लावून तिच्यातच झोपायचा, बॅटरी कुणी काढून नेईल म्हणून. थंडीत तर बाईची गोधडी बॅटरीवर पांघरलेली असायची.

“माह्यी गोधडी तिले अन् हा उघडा,” बाई मला सांगायची. “पाणी घालाले तीन तोंडं हायेत म्हनते तिले. दत्ताले तीन तोंडं असते भाऊ, देवाचं ठीक हाये. हे तीन तोंडाचं काय घरात आनलं यानं? तेजाब पेते अन् कपडे खाते.”

कपडे खाण्याचं खरं होतं. बॅटरीतल्या तेजाबाचे, ॲसिडचे थेंब त्याच्या धोतरावर, सदऱ्यावर उडायचे. तेव्हा काही दिसायचं नाही. धुतलं की जागोजाग भोकं. कापडाची टंचाई असल्याने बाई ठिगळावर ठिगळ लावायची. त्याच्या सदऱ्यात मूळचं कापड किती उरलं होतं, देव जाणे.

बॅटरीपाशी बिडी ओढू नये हे मी त्याला जीव तोडून सांगायचो. तिच्यातून भडकणारी वाफ निघते, तोंड भाजेल. तो मान हलवायचा आणि बिडी ओठांच्या दुसऱ्या कोपऱ्यात धरायचा.

मग एका वैशाखात आमची वाफेची काचेची नळी तडकली. नागपूरला लिहिलं, उत्तर आलं की काच यायला वेळ लागेल. त्याची बाटली खिडकीवर आपटली तेव्हा मी नाही म्हटलं. त्या दिवशी तो रांगेतल्या रोग्यांपेक्षा पांढरा पडला.

“शिरपूरच्या धरमशाळेत पाणी गाळून, उकळून ठेवते. एवढं सोच्छ कोनी ठेवत नाही. ते चालते का?”

मी त्याला चुलीवरच्या तपेलीला आतून बसलेला पांढरा थर दाखवला. “उकळल्याने किडे मरतात. हे जात नाही. हे बॅटरीत गेलं की ती खराब होते.”

त्याने थर नखाने खरवडून पाहिला आणि निघून गेला. उन्हाळा असा की सकाळी भरलेला माठ दुपारी अर्धा. बॅटरीचं काय होत असेल ते मला समजत होतं. मला उगाचच अपराध्यासारखं वाटत राहिलं, जणू नळी मी तडकवली.

त्याच आठवड्यात रिसोडला टोचणीसाठी मी त्याच्या मोटारीत बसलो. तो सारखा पायाखालच्या फळीकडे बघत होता, कारण बॅटरी त्या फळीखाली. रिठद आलं आणि बरोबर गावात, सपाटीवर, त्याच्याच घरासमोर इंजिनाने आचके दिले आणि बंद पडलं. एवढी शांतता झाली की कुणाच्या तरी कोंबडीचा आवाज ऐकून आम्ही दचकलो. त्याने फळी उचलली, तिन्ही बुचं काढली. आत शिशाचे पत्रे कोरडे दिसत होते.

उतारूंनी ढकलून पाहिलं. काही उपयोग नाही. लोक जमले. कुणी तांब्याभर विहिरीचं पाणी आणलं, कुणी घागर. मी दोन्ही हात पसरून बॅटरी अडवून उभा राहिलो. “विहिरीचं नाही चालायचं. ज्यात काही मिसळलेलं नाही असंच पाहिजे.”

तो मोटारीभोवती फेऱ्या घालत होता. चाकाला हात लावायचा, पुढे जायचा, परत यायचा. त्याचा तो चेहरा मला बघवेना.

बाई दारात उभी होती. तिने माझं बोलणं ऐकलं. आत गेली आणि बाहेर आली तेव्हा तिच्या हातात तांब्याचा छोटा गडू होता. तोंड कथलाने झाळून बंद केलेला. लढाईच्या आधी ती गावकऱ्यांबरोबर काशीला गेली होती, तिथून आणलेलं गंगेचं पाणी. आपल्याकडे असा गडू देवाजवळ का ठेवतात, हे तुम्हाला सांगायला नको. शेवटच्या घटकेला तोंडात दोन थेंब पडावेत म्हणून.

“भाऊ, हे चालते का? याच्यात काही मिसळेल नाही.”

“बाई, ते तुह्यं हाये,” तो म्हणाला. त्याचा आवाज पहिल्यांदाच हळू झालेला मी ऐकला.

“मी अजून उभी हावो. हे बसलं.” तिने मोटारीकडे बोट दाखवलं. “भाऊ, सांग ना. चालते का?”

सगळं गाव माझ्या तोंडाकडे बघत होतं. गंगा झाली तरी नदीच. तिच्या पाण्यातही क्षार असणार, वर तांब्याचं भांडं. हे मला माहीत होतं. पण पत्रे कोरडे राहिले तर बॅटरी आजच संपणार, हेही माहीत होतं. कोरड्यापेक्षा ओलं बरं.

“चालेल,” मी म्हटलं.

लोहाराच्या पोराने छिन्नीने गडूचं तोंड उघडलं. बाईने पदर डोक्यावर घेतला. आणि तो, ज्याने आयुष्यात कशाला हात जोडले नसतील, त्याने पायातल्या वहाणा काढून बाजूला ठेवल्या आणि तिन्ही तोंडांत धार सोडली. पाणी आत मुरायला वेळ द्यावा लागतो असं मी सांगितल्यावर लोक ओट्यांवर बसले. तो बसला नाही. मग सगळ्यांनी मोटार ढकलत नाल्याच्या उतारावर नेली, आणि तिथे इंजिनाने पकडलं. कुणीतरी “हर हर महादेव” म्हटलं.

त्या दिवसापासून मोटारीचा मान वाढला. बाया चढताना आधी त्या फळीला हात लावून तो कपाळाला लावायच्या. एका म्हाताऱ्याने फळीवर फूल वाहिलं. रिसोडचे एक बुवा म्हणाले, गंगेत तेजाब मिसळणं पाप आहे. बाईने त्यांना निरोप पाठवला, गंगेत काय काय मिसळते ते आपण काशीला डोळ्यांनी पाहून आलो आहोत. बुवा काशीला गेलेले नव्हते, त्यामुळे विषय तिथेच मिटला.

पण खरी गंमत त्याची. बुचं उघडायची झाली की तो आधी वहाणा काढायचा. आणि बिडी. जी बिडी माझ्या इतक्या उपदेशाने सुटली नाही, ती त्या गडूने एका दिवसात सोडवली. मोटारीत त्याने बिडी ओढली नाही ती नाहीच.

पुढे पावसाळ्यात बाईने अंगणात धुतलेलं धोतर ताणून बांधून बॅटरीसाठी पावसाचं पाणी धरलं, दिवाळीला आमची नवी नळी आली, आणि निळी बाटली पुन्हा खिडकीवर आपटू लागली. बॅटरी कशीबशी तग धरून होती. पण त्याच्या मागे आता दुसरी काळजी लागली होती. बाईचं पाणी आपण खर्च केलं, ते भरून द्यायचं.

स्टेशनावर तो प्रत्येक यात्रेकरूला विचारायचा, “काशीले जाता का? एक गडू आना मले.” लढाईमुळे गाड्यांत पाय ठेवायला जागा नव्हती. कोण जाणार? काही हो म्हणून गेले, ते परत दिसले नाहीत. मला म्हणायचा, “लढाई संपली की नवी ब्याटरी आनतो अन् बाईलेच घेऊन जातो काशीले. मंग थांबाले टाइमच टाइम हाये.” हे सांगतानाही त्याचं लक्ष बाहेर इंजिनाकडे.

पुढच्या वर्षी थंडीत बाईला ताप भरला आणि तो छातीत उतरला. डॉक्टरसाहेब त्याच्याच मोटारीतून जाऊन बघून आले. परत आल्यावर त्यांनी हात धुतले आणि माझ्याकडे बघून नुसती मान हलवली.

दुसऱ्या दिवशी दुपारी तो आला. बाटली आपटली नाही. ती त्याने अलगद खिडकीत ठेवली आणि दोन्ही पाय पायरीवर ठेवून उभा राहिला.

“पाणी पाह्यजे,” तो म्हणाला. “ब्याटरीसाठी नाही. बाईसाठी.”

मी हातातला मलमाचा डबा खाली ठेवला.

“घरात गडू नाही. गावात कोनी देल्ला असता, पन बाई नाही म्हनते. दुसऱ्याचं शेवटचं पाणी घेऊ नाही म्हनते. मंग मले तुमचं आठवलं. तुमीच म्हनलं व्हतं, याच्याइतकं सोच्छ दुनियात नाही.”

मी त्याची निळी बाटली बाजूला ठेवली. तिला तेजाबाचे हात लागलेले. कपाटातली नवी बाटली काढली, त्याच पाण्याने विसळली आणि काठोकाठ भरली. डॉक्टरसाहेबांना सांगून मी त्याच्याबरोबर निघालो. वाटेत तो हात दाखवणाऱ्या उतारूंसाठी थांबला नाही.

रिठद आलं. नाल्याचा उतार आला आणि मागे गेला. मोटार गावात शिरली, घरासमोर सपाटीवर उभी राहिली. त्याने हात पुढे केला आणि इंजिन बंद केलं.

मी त्याच्याकडे बघितलं. त्याने बघितलं नाही.

बाई खाटेवर होती. श्वास वर लागलेला, पण शुद्ध होती. तिने डोळे उघडले.

“आवाज काहून नाही?”

“बंद केली, बाई.”

“उतारावर?”

“नाही. दारातच.”

तिने खाटेवर कूस वळवून त्याच्याकडे तोंड केलं. मग म्हणाली, “मंग बोल आता.”

बाटली त्याच्याजवळ देऊन मी ओसरीवर जाऊन बसलो. ऐकायचं नव्हतं, पण मातीच्या भिंतीतून आवाज येतोच. मला वाटलं होतं तो रडेल, माफी मागेल. तसलं काही नाही. वाशीमला आज कोण चढलं होतं, ते तो तिला सांगत होता. कुणाच्या शेळीने कुणाचा पटका खाल्ला. शिरपूरला जाणाऱ्या एका म्हातारीने भाड्याऐवजी त्याला कसे लाडू खाऊ घातले. त्या शिपायाची गोष्ट सांगितली, ज्याने बाटलीतलं पाणी पिऊन पाहिलं. इतक्या वर्षांत जे इंजिनाच्या आवाजात राहून गेलं होतं, ते तो एकामागून एक सांगत होता, कसलीही घाई न करता. मधूनमधून बाईचा क्षीण आवाज यायचा, “मंग?” आणि तो पुढे सांगायचा. माझे डोळे भरून आले, ते मी पुसले नाहीत. ओसरीवर होतंच कोण बघायला.

ऊन कलल्यावर त्याने मला हाक मारली. मी आत गेलो. त्याने चमच्याने पाणी तिच्या ओठाला लावलं होतं. तिने ते तोंडात घोळवलं.

“काही चव नाही याले,” बाई म्हणाली.

“काहीच मिसळेल नाही त्याच्यात. म्हनून.”

“असं?” ती किंचित हसली असं मला वाटलं. “दे अजून.”

दिवस मावळायच्या आत ती गेली.

दुसऱ्या दिवशी नाल्याकाठी सगळं उरकून माणसं परत आली. त्यांनी आंघोळी केल्या आणि सवयीने मोटारीच्या मागे जाऊन उभी राहिली. धक्का मारायला. हँडल मारून कुणीतरी आधीच पाहिलं होतं, बॅटरीत प्राण नव्हता.

“चाल, बस,” एक जण त्याला म्हणाला. “उतारापर्यंत नेतो.”

तो ओट्यावर बसला होता. “राहू द्या,” म्हणाला.

मी बैलगाडीने वाशीमला आलो. माझी खिडकी शांत झाली. रोगी सावकाश खोकायचे, डॉक्टरसाहेब सावकाश नाडी बघायचे, आणि मला ते सहन होत नव्हतं.

काही दिवसांनी तो आला. पायी. माझी बाटली त्याने धुऊन आणली होती. मी त्याला बाकावर बसवलं, तर तो रांग संपेपर्यंत खरंच बसून राहिला. सदऱ्याला एक नवं भोक होतं, त्याला ठिगळ नव्हतं. काखेत एक छोटं गाठोडं. काशीच्या गाडीचं त्याने विचारलं.

“बाईले घेऊन जातो,” म्हणाला. “कबूल केलं व्हतं.”

तो त्या गाडीने गेला आणि परत आला नाही.

लढाई संपली. अकोल्याच्या दुकानदाराचा निरोप आला, नव्या बॅटऱ्या आल्या आहेत. पण निरोप घ्यायला कुणी नव्हतं. रिठदच्या त्याच्या चुलतभावाने मोटार रिसोडच्या एका माणसाला देऊन टाकली. त्याने नवी बॅटरी बसवली आणि मोटार पुन्हा याच रस्त्याने धावू लागली. नवा ड्रायव्हर निंबाखाली इंजिन बंद करून निवांत विडा लावायचा, आणि निघताना नुसतं पायाने दाबलं की ती सुरू व्हायची. चांगलं होतं. मला ते बघायला आवडायचं नाही, एवढंच.

त्यानंतर एकदा शिरपूरला निघालेलं एक यात्रेकरू जोडपं माझी खिडकी शोधत आलं. नवऱ्याने पिशवीतून तांब्याचा गडू काढून माझ्यासमोर ठेवला. झाळलेला.

“काशीच्या स्टेशनाबाहेर एक माणूस भेटला,” तो म्हणाला. “आम्ही कुठे जाणार ते ऐकून म्हणाला, हे वाशीमच्या कंपाउंडरला द्या. आणि निरोप दिला, सांगा म्हणाला, याच्यात काही मिसळेल नाही.”

“कसा आहे तो? करतो काय?”

“विचारायला थांबला कुठे?” त्याची बायको म्हणाली. “फार घाईत होता हो. रस्त्यावर त्याची मोटार उभी होती, इंजिन चालू ठेवून.”

तो गडू मी उघडलेला नाही. घरी देवाजवळ ठेवला आहे. घरातले समजतात तो माझ्यासाठी आहे. असेलही, माझंही वय झालंच आहे. पण रस्त्यावर एखादी मोटार इंजिन चालू ठेवून उभी राहिली की मी जेवणावरून उठतो आणि आधी खिडकीत जाऊन बघतो.